ठोकून बसवलेली गोळी

संत्र्याच्या बागेतलं ते प्रकरण अजून माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. तेहतीस वर्षं खाकी घातली. खून पाहिले, दरोडे पाहिले, पळून गेलेल्या जोडप्यांमागे रायपूरपर्यंत जाऊन आलो. आता सकाळी सक्करदऱ्याच्या तलावाकाठी चार निवृत्त मंडळींबरोबर फिरतो, तेव्हा ते म्हणतात, “साहेब, एखादी मोठी केस सांगा न.” मोठ्या केसेस मला धड आठवतच नाहीत. त्यातली नावं, कलमं सगळं एकमेकांत मिसळलं आहे. आठवतो तो एक म्हातारा, त्याची ठासणीची बंदूक आणि त्याची मुलगी. नावं कोणाचीच सांगणार नाही. त्या लोकांना अजून त्याच गावात राहायचं आहे.

तेव्हा मी कळमेश्वरच्या पलीकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. ठाणं लहान. कौलारू इमारत, समोर कडुनिंब, मागे जप्त केलेल्या मोटारसायकलींचा ढीग. मोबाईल आले होते, पण रेंजसाठी कडुनिंबाखाली जाऊन उभं राहावं लागे. आजूबाजूला सगळ्या संत्र्याच्या बागा आणि त्या बागांत रानडुकरांचा धुमाकूळ. म्हणून काही जुन्या शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणाच्या परवान्यावर ठासणीच्या बंदुका होत्या. ज्यांनी अशी बंदूक पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हिला मागून काडतूस घालता येत नाही. नळीच्या तोंडातूनच आधी दारू ओतायची, मग शिशाची गोळी टाकायची आणि लाकडी गजानं ती तळापर्यंत ठासायची. एक बार झाला की पुन्हा पहिल्यापासून सुरू. डुक्कर तोवर शेजारच्या तालुक्यात पोचलेलं असतं!

एका सकाळी साडेसातच्या सुमाराला पोलीस पाटलांचा फोन आला. धापा टाकत बोलत होते. “साहेब, लवकर या जी. मोठ्या भावानं लहान्याले गोयी घातली. धुऱ्याचंच भांडण होय.” धुरा म्हणजे शेताचा बांध. आमच्या भागात धुऱ्यावरून जेवढी डोकी फुटली तेवढी दारूनंही फुटली नसतील. मी जीप काढली, हवालदारांना बरोबर घेतलं आणि निघालो.

हे दोघे भाऊ मूळचे उमरेडकडचे कोष्टी. हातमाग बंद पडल्यावर इकडे येऊन शेजारी-शेजारी बागा लावलेले. आम्ही पोचलो तेव्हा धाकट्याला जीपमध्ये टाकून नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं होतं. मांडीत गोळी लागली होती, रक्त बरंच गेलं होतं, पण शुद्धीवर होता. आणि थोरला भाऊ, सत्तरीच्या घरातला, धुऱ्यावर बसलेला. अंगात बंडी, डोक्याला फडकं, मांडीवर आडवी बंदूक. मला पाहून तो उठला, बंदूक दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, “म्याच मारली, साहेब. न्या मले.”

खरं सांगतो, मला बरं वाटलं. गुन्हेगार समोर, हत्यार हातात, कारण अख्ख्या गावाला ठाऊक. पोलिसापुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण बाकी सगळं जुळलेलं होतं. दोन पंच बोलावले, पंचनामा केला. बंदूक, गज, दारूची शिंगाची कुपी आणि म्हाताऱ्याची कापडी पिशवी जप्त केली. पिशवीत एका डबीत बारीक शिशाच्या गोळ्या, एका डबीत मेण आणि तेल कालवलेलं काहीतरी, कापडाच्या गोल कापलेल्या चकत्या, आणि एका मळक्या चिंधीत बांधलेल्या चार-पाच मोठ्या गोळ्या. गजाचं टोक ताजं फुटलेलं होतं. तेही मी लिहून घेतलं, पण का फुटलं असेल याचा विचार केला नाही. अकरा वाजता खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल करून मी चहा पीत बसलो होतो.

दुपारी विचारपूस केली. म्हातारा खाली बसला, खुर्ची नको म्हणाला.

“काहून मारली?”

“राग आला जी.”

“कशाचा?”

“धुऱ्याचा.”

“कुठून मारली?”

“धुऱ्यावरून.”

“मंग तो खाली पडला तेव्हा पळाले काहून नाही?”

“पयून कुठं जाऊ, साहेब?”

पाच वेळा विचारलं, पाच वेळा तीच उत्तरं, त्याच शब्दांत. पाठ केलेली उत्तरं अशीच येतात. खरं घडलेलं सांगताना माणूस चुकतो, मागे जातो, “नाही नाही, त्याच्या आधी,” असं म्हणतो. हे मला माहीत होतं, आणि तरी मी दुर्लक्ष केलं. सोपी केस हातातून सोडावीशी कोणाला वाटते?

बाहेर व्हरांड्यात त्याची मुलगी डबा घेऊन बसली होती. पंचवीसेक वर्षांची, उंच, केस घट्ट बांधलेले. बापाला जेवण पोचवून ती तिथेच बसून राहिली. हवालदार आत येऊन हळू आवाजात म्हणाले, “साहेब, हे तेच पोरगी हाय. वनरक्षकाच्या भरतीत निवड झाली न, थे. चारित्र्य पडताळणीचा कागद आपल्याकडंच पडून हाय.”

मी टेबलाकडे पाहिलं. पेपरवेटखाली कागदांचा गठ्ठा होता. त्यात तो असणार. पोरीला आई नाही, मागं भाऊबहीण नाही, माय मेल्यापासून बापाच्या हातची भाकर खाऊन मोठी झालेली. सरकारी नोकरीच्या दारात उभी, आणि आज बापावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा. मी हवालदारांना म्हणालो, “बापाचा गुन्हा पोरीच्या कागदावर येत नाही. तिला सांगा, घरी जा.” ती गेली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखान्यातून सीलबंद बाटली आली. मांडीतून काढलेली गोळी. नियमाप्रमाणे ती तपासणीसाठी प्रयोगशाळेत जायची होती. त्याआधी पंचांसमोर बाटलीबाहेरूनच पाहिली, आणि माझा चहा तसाच राहिला. गोळी मोठी होती. पिशवीतल्या डबीतल्या गोळ्यांपेक्षा सरळ मोठी. तिच्या कडा सगळीकडून घासून सपाट झालेल्या, आणि एका बाजूला ठोकल्यासारखा खळगा. मला एकदम तो फुटलेला गज आठवला.

आपल्याला यातलं काही कळत नाही, हे मान्य करणं पोलीस अधिकाऱ्याला फार जड जातं. मी ते त्या दिवशी केलं. म्हाताऱ्याला बोलावलं, जप्त बंदूक, गज आणि पिशवी पंचांसमोर काढली, नळी रिकामी असल्याची खात्री केली आणि म्हणालो, “बाबा, दारू न घालता भरून दाखवा. कशी भरता ते मला पाहायचं आहे.”

म्हाताऱ्याचा चेहराच बदलला. दोन दिवस मान खाली घालून बसलेला माणूस सरळ झाला. त्यानं बंदूक उभी केली, डबीतल्या दोन गोळ्या घेतल्या, बोटांत फिरवल्या, एक परत ठेवली.

“तिले काय झालं?” मी विचारलं.

“शिसं ओतताना आत हवा राह्यली जी. हलकी हाय. अशी गोयी कुठंबी जाते.” मग त्यानं कापडाची चकती उचलली. “हे हातमागाचं हाय. माह्या मायच्या लुगड्याचं. मिलच्या कापडाचं जमत नाई, थे फाटते, नाईतर जयते.” चकतीला त्यानं डबीतलं मेण-तेल चोळलं. ते मधाच्या पोळ्याचं मेण आणि मोहाच्या बियांचं तेल होतं. चकती नळीच्या तोंडावर ठेवली, वर गोळी, आणि नुसत्या अंगठ्यानं दाबली. गोळी कापडासकट आत गेली. मग गज लावला आणि एका हातानं, जराही जोर न करता, सरकवत तळापर्यंत नेला. माझे वडीलही माग चालवत. ताणा जुळला की त्यांच्या तोंडावर जे समाधान येई, तेच या म्हाताऱ्याच्या तोंडावर होतं.

“इतकी सैल गोळी?” मी म्हणालो. “मग ती नळीत घट्ट कशी बसते?”

“घट्ट कापड बसते, साहेब. गोयी नाही. गोयी नळीपेक्षा थोडी लहानच पायजे. अडली की समजाचं, आपलंच काहीतरी चुकलं. जोर लावाचा नसते.”

हवालदार तोंड उघडं ठेवून पाहत होते. मी बाटली टेबलावर ठेवली. “आणि ही?”

त्यानं वाकून पाहिलं. आणि तो चिडला! खरंच चिडला. दोन दिवसांत त्यानं पहिल्यांदा आवाज चढवला.

“हे का भरणं हाय? कापड नाई, काई नाई, गोट्यानं ठोकली हे! अन् हे त मी बाजूले काढली होती, वितयून फिरून ओताले. हे मी भरीन? मी? चाळीस वर्षं झाले मले बंदूक भरता, साहेब. असली बेअक्कल गोयी मी—”

आणि तो थांबला. काय बोलून बसलो हे त्याला कळलं. तोंड तसंच उघडं राहिलं.

 दोन दिवस मी त्याला गुन्ह्याबद्दल विचारत होतो, तेव्हा तो खोटं न अडखळता बोलला. पण त्याच्या कामाबद्दल खोटं त्याच्यानं बोलवलं नाही. खुनाचा आळ त्यानं अंगावर घेतला होता, भोंगळ गोळीचा आळ काही त्याला घेता येईना.

“मग कोणी भरली, बाबा?”

“म्याच भरली.” पण आता आवाजात दम नव्हता. “घाई होती जी. घाईत होते.”

“घाईत म्या भरली,” दारातून आवाज आला. मुलगी उभी होती. शिपाई तिला अडवत होता, ती त्याच्या बाजूनं आत आली.

“तू घरी जाय वं!” म्हातारा ओरडला. “साहेब, तिचं ऐकू नका. पोरगी हाय, घाबरली हाय.”

“मी नाई घाबरली, बाबा. दोन दिवस घाबरली होती. आता नाई.”

तिनं सगळं उभ्यानंच सांगितलं. आणि ती चुकत होती, मागे जात होती, “नाही, त्याच्या आधी” म्हणत होती. त्या सकाळी बापाला ताप होता. ती एकटी बागेत गेली, तर डुकरांचा कळप नवीन कलमं उकरत होता. झोपडीत बंदूक टांगलेली होती. वाकून तिनं पिशवी काढली. चिंधीतल्या मोठ्या गोळ्या दिसल्या आणि तिला वाटलं, डुकराला मोठीच पायजे. बाप दारू किती टाकतो ते तिनं लांबून पाहिलं होतं. गोळी कशी घालतो ते नीट पाहिलं नव्हतं, कारण तो जवळ उभंच राहू देत नसे. गोळी नळीच्या तोंडात अडकली. तिनं गजावर दगड घातला, चार-पाच घाव घालून ती आत रेटली. मग नेम धरून चाप ओढला.

“डुक्कर सामने होतं, साहेब. धुरा त बाजूले होता. गोयी तिकडं काहून गेली मले अजून नाई समजलं.”

म्हाताऱ्याला समजलं होतं. ठेचलेली गोळी सरळ जात नाही. धुऱ्यापलीकडे धाकटा भाऊ पाण्याची पाळी बदलायला आला होता. त्याची किंकाळी ऐकून बाप तापातच धावत आला, पोरीच्या हातातली बंदूक घेतली आणि तिला म्हणाला, तू घरी जा, तू इथं नव्हतीच.

“तुही नोकरी लागली होती न वं,” म्हातारा आता रडत होता. “मी काय, मी म्हातारा. मले काय करत होते कोर्टवाले?”

“मंग मले शिकवलं काहून नाई?” ती त्याच्यावर ओरडली. पूर्ण ठाणं ऐकत होतं. “दहा डाव म्हटलं, बाबा, मले दाखवा. तुम्ही म्हणाले, हे पोरीचं काम नोहे. जंगलात मले सरकार पाठवाले तयार हाय, अन् तुम्ही मले बंदुकीले हात नाई लावू देला!”

म्हाताऱ्यानं कपाळावर हात मारून घेतला. “चुकलो, माय. चुकलो.” तो हेच म्हणत राहिला. मी पंचांना बाहेर पाठवलं. मलाही डोळे पुसायचे होते, आणि पंचांसमोर ते बरं दिसत नाही.

मी नागपूरला जाऊन धाकट्याचा जबाब पुन्हा घेतला. त्यानं गोळी मारणारा पाहिलाच नव्हता. बार ऐकला, पडला आणि भांडण डोक्यात असल्यानं भावाचं नाव घेतलं. पुतणीचं नाव ऐकून तो पलंगावर उठून बसला. “आपली पोरगी? अरे बापा! मंग मिटवा न, साहेब. माह्याच पायाले लागली न? माही तक्रार नाई, लिहून घ्या.” मी त्याला समजावलं, की विनापरवाना हत्यार चालवून माणूस जखमी झाला आहे, हे तुमच्या म्हणण्यानं मिटत नाही. खुनाच्या प्रयत्नाचं कलम निघालं, निष्काळजीपणाचं लागलं. बाप सुटला. आरोपी म्हणून मुलीचं नाव आलं.

आता उरला तो कागद. चारित्र्य पडताळणीच्या नमुन्यात एक रकाना असतो: उमेदवाराविरुद्ध गुन्हा दाखल आहे काय? मी तिला समोर बसवलं. म्हणालो, “मला इथं ‘होय’ लिहावं लागेल. दुसरं काही लिहिता येत नाही.”

“खरं तेच लिहा जी,” ती म्हणाली. मग तिनं तो कागद उलटा वाचला आणि विचारलं, “साहेब, हा ठाण्यात कव्हा आला?”

मी आवक नोंदवही मागवली. कागदावर शिक्का होताच, तरी मागवली, कारण उत्तर द्यायला मला वेळ हवा होता. कागद त्या सकाळच्या सतरा दिवस आधी आला होता. तपासणीसाठी लागली असती अर्धी दुपार. बंदोबस्त होता, मंत्री येऊन गेले, हवालदार रजेवर होते, ही सगळी कारणं माझ्याकडे तयार होती. 

“बार झाला त्याच्या सतरा दिवस आधी,” मी म्हणालो.

ती मनात हिशेब करत होती. मग शांतपणे बोलली, “माह्या संगच्या दोघी त्याच्या आधीच्या सोमवारी ट्रेनिंगले गेल्या. मंग मी त्या दिवशी बागेत नसतीच.”

एवढंच. रागावली नाही, रडली नाही. नमस्कार करून गेली. मला वाटलं, हिनं मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हाताऱ्याला मी मनातल्या मनात दोष देत होतो, की पोरीला शिकवलं नाही म्हणून हे झालं. आणि माझ्या एका सहीसाठी ती सतरा दिवस त्या बागेत अडकून पडली होती, त्याचं काय?

मी ‘होय’ लिहिलं. खाली आणखी एक ओळ लिहिली, की सदर अहवालास विलंब ठाण्याकडून झालेला आहे. वरिष्ठांनी फोन करून झापलं, “ही ओळ कशाला लिहिली? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची हौस आहे का?” त्या ओळीचा मुलीला काही उपयोगही झाला नाही. निवड रद्द झाली. कोर्टानं वय, हेतू आणि काकाचा जबाब पाहून तिला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं. पुढच्या भरतीपर्यंत तिची वयोमर्यादा उलटून गेली. बापाचा परवाना रद्द झाला, बंदूक जमा झाली.

त्यानंतर माझ्या टेबलावर पडताळणीचा कागद दुसऱ्या दिवशीची सकाळ पाहत नसे. बदली होऊन जाईन त्या ठाण्यात मी आधी तो गठ्ठा मागायचो. शिपाई आपसात हसायचे, साहेबांना कागदांचं खूळ आहे म्हणायचे. म्हणोत बापडे. गुन्हेगार कसा ओळखावा हे मला या केसनं शिकवलं नाही. ते कोणीही पाचेक वर्षांत शिकतो. आपल्या टेबलावर पडलेल्या कागदात कोणाचं तरी घर अडून बसलेलं असतं, हे मला कळायला वीस वर्षं लागली आणि त्याची किंमत दुसऱ्याच कोणी भरली. याची लाज मला अजून वाटते.

मागच्या हिवाळ्यात भाच्याच्या कारखान्यात काही कामासाठी कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत गेलो होतो. गेटवर गणवेशातली एक बाई पुढं आली. केसांत थोडं पांढरं, खांद्यावर सुपरवायझरची पट्टी. गाडीच्या खिडकीतून पाहून म्हणाली, “साहेब न तुम्ही?” मी ओळखलं. खाली उतरलो. विचारलं, “बाबा कसे आहेत?”

“बाबा गेले, चार वर्षं झाले. पण मले शिकवून गेले हं. बंदूक त जमा होती, मंग पाण्याच्या पाइपाचा तुकडा घेतला अन् त्यात भराले शिकवलं. कापड कापाले, मेण लावाले, सगळं. म्हणे, आता कामाचं नाई, पण तू शिक.” ती हसली. मग टेबलावरचं पाहुण्यांचं रजिस्टर उघडून तिनं माझ्यापुढं सरकवलं आणि पेन दिला.

“इथं सही करा, साहेब,” ती म्हणाली. “या वेळेस त लवकर करसान न जी?”